शनवार तेल्यांची सायकल



गेल्या सुक्कोथच्या दिवसांत लोदहून आमच्या बहिणीची नात फोनवर बोलत होती. तिला शाळेसाठी आपल्या समाजावर काहीतरी लिहून न्यायचे होते. तिने विचारले, "आजी, आपल्याला शनवार तेली का म्हणायचे?" आम्ही घाणा, बैल, तेल असे सगळे सांगायला लागलो. तिने घाणा कधी पाहिलेला नाही. शेवटी आम्ही म्हटले, "अगं, एक मोठे चाक समज. आठवडाभर फिरते आणि शनिवारी थांबते." ती पटकन म्हणाली, "म्हणजे तुमच्या सायकलीसारखे!"

फोन ठेवल्यावर आम्ही दोघे हसलो, पण पोरीने बरोबर पकडले होते. आम्ही नवरा-बायको दोघेही अलिबागच्या इस्राएल आळीतले. तिथेच सायकल शिकलो, मुंबईत ती चालवली, आणि ग्लासगोला आल्यावर सायकलच्या शर्यतींत पंच म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पन्नासहून जास्त वर्षे झाली. या सगळ्या काळात शनिवारचा प्रश्न आमच्या कॅरियरवर बसूनच आला आहे. तो आमच्याही आधीपासूनचा आहे, म्हणून आज थोडा मागून सुरू करतो.

घाणा आणि शनिवार

नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगतात. ते किती साली घडले यावर विद्वानांचे एकमत नाही. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला आणि तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी एक गोष्ट मात्र ठामपणे नोंदली आहे. पोथ्या गेल्या, भाषा गेली, तरी काही रिवाज उरले. शेमाचे शब्द, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि शनिवारी काम बंद.

कोकणात आपल्या माणसांनी तेलाचा धंदा धरला. शेजारचे हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, ते सोमवार तेली. आपण शनिवारी बंद ठेवत होतो, म्हणून शनवार तेली. शेजाऱ्यांनी आपल्याला नाव दिले ते देव कोणता, देवळात काय करता, हे पाहून दिले नाही. कोणत्या दिवशी घाण्याचा आवाज येत नाही, एवढे ऐकून दिले. घाणा बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. गरीब माणसाला ते परवडत नसणार, तरी पिढ्यानपिढ्या पाळले गेले.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आपली माणसे मुंबईला गेली. पलटणीत, सुतारकामात, इस्पितळांत, सरकारी कचेऱ्यांत शिरली. घाणा सुटला आणि पगार सुरू झाला. पगाराच्या नोकरीत शनिवार हा कामाचा दिवस. ज्या दिवसामुळे आपल्याला नाव मिळाले, त्याच दिवशी मस्टरवर सही करायची वेळ आली.

आळीतली सायकल

आमच्या लहानपणी, १९७० च्या आसपास, इस्राएल आळीत थोडीच इस्राएल घरे राहिली होती. १९१० साली बांधलेले मागेन आबोथ हे प्रार्थनालय मात्र तसेच होते, आजही आहे. आमच्यापैकी एकाचे वडील सरकारी कचेरीत कारकून. अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे ठाणे, त्यामुळे कचेऱ्या पुष्कळ. वडिलांची हिरवी सायकल होती, मागे डायनॅमोचा दिवा, पुढे घंटी, चेन-कव्हर तेलाने काळे झालेले. रविवार ते शुक्रवार ते तिच्यावरून बाजार, माणसांच्या भेटी, कचेरी, सगळे करायचे. शुक्रवारी संध्याकाळी ती पडवीच्या खांबाला साखळीने बांधून कुलूप लावायचे. शनिवारी सकाळी ते कचेरीत चालत जायचे.

आम्ही एकदा विचारले, "पपा, कामाला तर जाताच, मग सायकल का नाही?" ते म्हणाले, "कचेरी साहेबाची आहे, तिथे माझे चालत नाही. सायकल माझी आहे."

तेव्हा आम्हाला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटले होते. आता वाटते की आपल्या समाजाची शंभर वर्षे त्या दोन वाक्यांत आहेत. जेवढे आपल्या हातात राहिले तेवढे पाळले.

आम्ही मुले मात्र भाड्याची सायकल घ्यायचो. तासाला पंचवीस पैसे, आणि दुकानदार वहीत वेळ लिहून घ्यायचा. मोठ्यांची सायकल, सीटवर बसलो तर पाय पोचत नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. गुडघे फुटायचे, त्यावर हळद. थोडे मोठे झाल्यावर वरसोली, थळ करत नवगावपर्यंत जायचो. आपले पूर्वज जिथे लागले तिथे नारळाच्या बागा, जुनी कबरस्तानाची जागा आणि समुद्राचा आवाज. आम्हाला तेव्हा इतिहासाशी काही देणेघेणे नव्हते. तासाच्या आत परत पोचायचे एवढेच डोक्यात असायचे.

दुसरी फेरी खंडाळ्याची. हे घाटातले खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे. तिथे एलियाहू हानाबीचा टापा आहे. हानाबी रथातून आकाशात गेले तेव्हा खडकावर घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या, अशी आपली श्रद्धा. नवस फेडायला, मलिद्याला लोक तिथे जातात. आम्ही मुले सायकल आडवी टाकून त्या चाकाच्या खुणेत बोट फिरवायचो आणि भांडायचो, रथाचे चाक मोठे की आपल्या सायकलचे. एकदा आत्याने पाठीत धपाटा घातला, तेव्हा मोजणी थांबली.

मुंबईहून बगदादला गेलेला प्रश्न

शनिवारी सायकल चालवावी का, हा प्रश्न आमच्या पपांनीच पहिल्यांदा विचारला असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईत सायकली दिसू लागल्या आणि तिथल्या यहुदी लोकांनी बगदादच्या हाखाम योसेफ हाईम यांना पत्र घातले. बेन ईश हाय या नावाने ते ओळखले जातात. जन्म १८३५, मृत्यू १९०९. हे आपले कोकणी लोक नव्हते, बगदादी समाजाचे धर्मगुरू होते. पण मुंबईहून आलेला हा प्रश्न आणि त्याचे उत्तर त्यांच्या राव पेआलीम या ग्रंथात छापलेले आहे. शाब्बाथच्या हद्दीचे नियम पाळून, सामान नेण्यास मुभा असलेल्या आवारात, सायकलवर बसायला हरकत नाही, असा त्यांचा कौल होता.

पुढच्या बहुतेक रब्बींना तो मान्य झाला नाही. त्यांचे म्हणणे असे की सायकल बिघडते. चेन उतरली, हवा गेली, की माणूस रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्ती करणार, आणि दुरुस्ती हे काम. शिवाय सायकल म्हणजे रोजच्या धावपळीचे वाहन, शाब्बाथला ते शोभत नाही. ज्याने कधी उतरलेली चेन चढवून काळे हात धोतराला किंवा साडीला पुसले आहेत, त्याला ही शंका लगेच पटेल. हाखामांनी सायकलचे चाक बघितले आणि इतर रब्बींनी सायकलवाल्याचे हात बघितले, असे आम्हाला वाटते.

मुंबईत सायकलचे वेड सर्वांत जास्त पारशी मुलांना होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघाले आणि सायकलवरून जगाची फेरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकलपटूंतही मुंबईचे पारशी पुष्कळ होते. आपल्या समाजाचे असे मोठे सायकलपटू आम्हाला सांगता येत नाहीत. आपली माणसे सायकलवरून कामाला गेली. पोस्टमन, रेल्वेतला क्लार्क, इस्पितळातला कंपाउंडर. त्यांच्या सायकलींचे फोटो वर्तमानपत्रात आले नाहीत.

बंदचा शनिवार

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही मुली मुंबईच्या वॉर्डांत कामाला लागलो. आपल्या समाजातून नर्सिंगमध्ये किती जणी आल्या हे तुम्हाला ठाऊकच आहे. जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी. ड्यूटीचा तक्ता शनिवार बघत नाही. एका वृद्ध बाईंनी प्रार्थनालयाच्या पायरीवरच सुनावले, "शनिवारी कामाला जाता, लाज नाही वाटत?" हाझान शेजारीच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तर शाब्बाथ बाजूला होतो. पिक्कुआह नेफेश. ती पोर शाब्बाथ मोडत नाही."

तरीही आम्ही शनिवारी बसने किंवा लोकलने जायचो, सायकलला हात लावत नव्हतो. मग एका शनिवारी मुंबई बंद होती. गाड्या नाहीत, बस नाहीत, रस्त्यावर दगड. रात्रपाळीच्या मुली सकाळपासून सुटीची वाट बघत असणार. भायखळ्याच्या चाळीत भावाची सायकल जिन्याखाली होती. ती काढली, साडी खोचली आणि निघालो. त्या दिवशी हँडल धरलेले हात थरथरत होते. दगडांची भीती होतीच, पण पपांच्या त्या साखळीची आठवण जास्त होती.

वॉर्डात पोचल्यावर जिने आमच्याकडून चार्ज दिला ती चोवीस तास उभी होती. तिने सायकल पाहिली आणि रडायलाच लागली.

पुढे अलिबागला गेल्यावर पपांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भावाच्या सायकलसाठी नवी घंटी आणून दिली. आमच्या घरात कौल असाच मिळायचा.

गॉर्बल्सचा पाच शिलिंग दंड

१९९० च्या सुमारास आम्ही ग्लासगोला आलो. पाऊस कोकणासारखाच, फक्त गार. आल्याआल्या एक जुनी सायकल घेतली आणि शहर बघायला सुरुवात केली. तेव्हा कळले की ज्या देशात आलो तो सायकलचा जवळजवळ आजोळच आहे.

डमफ्रीसशायरमधला लोहार कर्कपॅट्रिक मॅकमिलन याने १८३९ च्या सुमारास पायांनी दांडे हलवून मागचे चाक फिरवणारे दोनचाकी वाहन बनवले, असे इथली परंपरा सांगते. १८४२ च्या जूनमध्ये ग्लासगोच्या वर्तमानपत्रात एक बातमी आली. एक गृहस्थ ओल्ड कमनॉकहून चाळीस मैल पाच तासांत आला. तो गॉर्बल्स भागात फूटपाथवर चढला, बघ्यांच्या गर्दीत एका लहान मुलाला धक्का लागून ते पडले. मुलाला फारशी इजा झाली नाही. पोलीस कोर्टाने पाच शिलिंग दंड केला. बातमीत नाव नाही, म्हणून तो मॅकमिलनच होता का यावर इतिहासकार अजून भांडतात. पण सायकलच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या अपघातांत आणि दंडांत गॉर्बल्सचा हा प्रसंग मोजला जातो.

आणि गॉर्बल्स म्हणजे काय, हे आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हाच भाग ग्लासगोच्या यहुद्यांचा मोहल्ला झाला. रशिया, लिथुआनिया, पोलंडहून पळून आलेली माणसे इथल्या चाळींत राहिली. कोशेर खाटीक, शिंपी, बेकरी, प्रार्थनालये. आपल्या मांडवीच्या इस्राएल मोहल्ल्यासारखेच. जरा बरी परिस्थिती आलेल्यांचे गार्नेटहिलचे सिनेगॉग १८७९ साली उभे राहिले. आज तिथेच स्कॉटलंडमधल्या यहुद्यांची कागदपत्रे जपून ठेवली आहेत. गॉर्बल्सच्या जुन्या चाळी पाडल्या गेल्या आणि समाज दक्षिणेला गिफनॉक, न्यूटन मर्न्सकडे सरकला.

त्याच गॉर्बल्समध्ये राल्फ ग्लासर वाढला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. न्हाव्याकडे साबण लावायचे काम केले, मग कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री. रात्री अभ्यास. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आगगाडीच्या भाड्याचे पैसे घालवण्यापेक्षा तो दुसऱ्या महायुद्धाआधीच्या त्या वर्षांत गॉर्बल्सहून ऑक्सफर्डला सायकलवर गेला. पुढे त्याने आपल्या गॉर्बल्सच्या लहानपणावर पुस्तक लिहिले, ते १९८६ साली आले. ते वाचताना आम्हाला आळीतली कितीतरी मुले आठवली, जी सायकलवर कॉलेजात गेली आणि तिथून बाहेरच्या जगात.

रविवारचा शाब्बाथ

स्कॉटलंडचाही एक शाब्बाथ आहे, तो रविवारी. एडिंबरा विद्यापीठाचा धावपटू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला. १०० मीटरची पहिली फेरी रविवारी, म्हणून तो धावलाच नाही. ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. पश्चिमेकडच्या बेटांवर तर रविवारी मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यांना कुलूप लावत. स्टॉर्नोवेहून रविवारची पहिली फेरीबोट सुटली ती थेट २००९ साली, आणि तीही मोठ्या वादानंतर. झोपाळ्याच्या कुलुपाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्हाला पडवीतला खांब दिसला.

पण सायकलवाल्यांनी रविवारच पकडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या, कारण घोड्यांच्या गाड्या बिचकत आणि पोलीस मागे लागत. तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी तोड काढली. सगळ्यांनी एकदम सुटायचे नाही. एकेकाने, मधे वेळ सोडून, घड्याळाविरुद्ध धावायचे. अशी पहिली शर्यत ऑक्टोबर १८९५ ची. पुढे काळे कपडे घालायचे, पहाटे पळायचे, रस्त्याचे नाव न छापता सांकेतिक खूण छापायची, असा रिवाज पडला. त्यातूनच ब्रिटनची टाइम ट्रायल तयार झाली. कामगार माणसाला रविवारची पहाटच मोकळी असे.

म्हणजे आमच्यासारख्यांसाठी सगळे जुळून आले. त्यांचा दिवस रविवार, आमचा शनिवार मोकळा.

घड्याळ धरणारे

आम्ही शर्यतीत फार काही कमावले नाही. चाळिशी ओलांडलेली, चढावर दम लागायचा. क्लबातल्या एका म्हाताऱ्या टाइमकीपरने विचारले, "तुम्ही नर्स ना? नाडी मोजता?" नर्सच्या छातीवर उलटे घड्याळ असते आणि पंधरा सेकंदांत नाडी मोजून चारने गुणायची सवय असते. त्यांना तेवढे पुरले. त्या उन्हाळ्यापासून आम्ही घड्याळ धरू लागलो. मग परीक्षा दिल्या, पंच झालो. इकडे सायकलच्या पंचाला फ्रेंच शब्दाने कमिसेअर म्हणतात.

टाइम ट्रायलचे काम असे चालते. शर्यत सातला असेल तर एक नंबरचा स्वार सात वाजून एक मिनिटाला सुटतो, बारा नंबरचा सात वाजून बाराला. एक माणूस मागून सीट धरून सायकल उभी ठेवतो, स्वार दोन्ही पाय पेडलवर ठेवतो. टाइमकीपर मोठ्याने सेकंद मोजतो, शेवटी पाच, चार, तीन, दोन, एक. पुढच्याला गाठले तर त्याच्या मागे वारा चुकवत राहायचे नाही, बाजूने निघून जायचे. कुणी उशिरा आला तरी त्याचे घड्याळ त्याच्या मिनिटालाच सुरू झालेले असते.

एका पावसाळी सकाळी एक पंधरा वर्षांची मुलगी पंक्चर काढून धावत आली, चाळीस सेकंद उशिरा. तिचा बाप आमच्याशी भांडायला लागला. मुलगी रडत होती. आमच्यातल्या नर्सला वाटत होते, जाऊ दे, पोर आहे. पण त्याच शर्यतीत आणखी कुणाची तरी पोर वेळेवर आली होती. आम्ही तिला सोडले आणि चाळीस सेकंद तिच्या वेळेत धरले. पाच सेकंदांनी तिचे पदक गेले. पुढच्या वर्षी तीच मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, या वेळी मी अर्धा तास आधी आले आहे.

घड्याळ माणूस बघत नाही याचा फायदाही असतो. यॉर्कशायरच्या बेरिल बर्टनने १९६७ साली बारा तासांत २७७.२५ मैल सायकल मारली. पुरुषांचा त्या दिवसापर्यंतचा विक्रम तिने मागे टाकला, आणि त्याच शर्यतीत पुरुषांत पहिल्या आलेल्यालाही. घड्याळ धरणाऱ्यांना हे लिहून घेण्यावाचून दुसरे काही करता आले नाही.

नियम कुणासाठी

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले ती.

ग्रॅम ओब्री हा आमच्या ग्लासगोजवळच्या एअरशायरचा. हातात पैसे नाहीत, म्हणून सायकल स्वतः बनवली. त्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग घातले होते. हात छातीखाली दुमडून, पुढे झुकून तो चालवायचा. १७ जुलै १९९३ ला नॉर्वेत हामार इथे त्याने एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापून विक्रम केला. सगळ्यांनी आधी हसून घेतले होते. १९९४ साली सिसिलीत जागतिक स्पर्धेच्या ऐन तोंडावर नियम आला की अशी बैठक चालणार नाही. तो तसाच बसला आणि बाद झाला.

पंचांच्या शिकवणीत आम्ही हा प्रसंग अनेकदा चघळला. नियम करण्याचा हक्क संघटनेला आहे. पण एका माणसाकडे बघून, सुटण्याच्या रेषेवर केलेला नियम, हा नियम की अडथळा?

आपल्या वाचकांपैकी ज्यांचे आईवडील पन्नास-साठच्या दशकात इस्राएलला गेले, त्यांना हे समजावून सांगायला नको. बगदादी लोक मुंबईत आपल्याला मिन्यानमध्ये धरायला कुरकुर करत होतेच. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने लग्न लावणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएल असेल तर त्याच्या आईचे, आजीचे मूळ तपासा. नाव घेऊन, फक्त आपल्यासाठी. ज्यांनी तेलाचा घाणा बंद ठेवून शाब्बाथ जगवला, त्यांना लग्नाच्या मांडवाच्या दारात पुरावा मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे मुलाबाळांसह जेरुसलेमला जाऊन बसली. क्नेसेटने आणि सरकारने आपली बाजू घेतली, आणि त्या सूचनेतून आपले नाव निघाले. चौकशीचा नियम ठेवायचा तर सर्वांना सारखा ठेवा, एवढीच मागणी होती.

आम्ही घड्याळ हातात घेतो तेव्हा हे आठवते. त्या रडणाऱ्या मुलीला चाळीस सेकंद माफ केले नाहीत, ते याच कारणाने. आणि आमच्या शनिवारचा नियम आम्ही दुसऱ्यावर लादत नाही, तेही याच कारणाने. क्लबाने शनिवारची शर्यत ठेवली तर आम्ही एवढेच कळवतो की त्या दिवशी आम्ही नाही. कुणी कधी हट्ट केला नाही.

दोनदा मात्र नियम बाजूला ठेवला. दोन्ही वेळा रविवार होता, त्यामुळे शाब्बाथचा प्रश्न नव्हता, घड्याळाचा होता. शेवटच्या रेषेजवळ स्वार पडला. एकाने घड्याळ धरून ठेवले आणि दुसरी रेषा सोडून धावली. दोन टाइमकीपर का हवेत, ते तेव्हा कळले.

२०२३ च्या ऑगस्टात ग्लासगोत सायकलच्या तेरा जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच एकत्र भरल्या. आम्ही स्वयंसेवकांच्या जाकिटात उभे होतो, शनिवार सोडून. नशीब बघा, रस्त्यावरच्या दोन्ही मोठ्या शर्यती रविवारीच आल्या. ६ तारखेला पुरुष एडिंबराहून २७१ किलोमीटर करून जॉर्ज स्क्वेअरला आले. मॅथ्यू व्हान डर पूल ओल्या वळणावर पडला, फाटका बूट आणि खरचटलेले अंग घेऊन उठला आणि जिंकला. १३ तारखेला बायकांची शर्यत लॉक लोमंडहून आली, ती लोटे कोपेकीने जिंकली. मधल्या शनिवारी आम्ही घरी किद्दुश केला. खिडकीतून हेलिकॉप्टरचा आवाज येत होता.

दारफाळणीचा सण

लोदच्या त्या नातीने फोनवर शेवटी एक गंमत सांगितली. आपले वडीलधारे योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे, दारे बंद, दिवसभर कुणाला भेटायचे नाही. इस्राएलमध्ये त्या दिवशी जवळजवळ एकही मोटार रस्त्यावर नसते, आणि म्हणून हजारो मुले सायकली घेऊन मोकळ्या हमरस्त्यांवर उतरतात. तिने विचारले, "आजी, मी पण जाऊ?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पपा असते तर सायकल खांबाला बांधली असती. हाखाम योसेफ हाईम यांनी कदाचित कौल काढला असता. आम्ही तिला म्हटले, "तुझ्या आईला विचार. तिने हो म्हटले तर जा. पण आधी सकाळची प्रार्थना पूर्ण होऊ दे, आणि पडणाऱ्याला उचलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस."

आता तुमच्याकडे एक मागणे. तुमच्या घरी आजोबांचा, काकांचा, एखाद्या मावशीचा सायकलसह फोटो असेल, तर मागे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून ठेवा. तो फोटो कोणत्या वारी काढला ते माहीत असेल तर तेही लिहा. बहुतेक तो शनिवार नसेल.